मदत हवी आहे: मुलीचं नाव प्रांजल की प्रांजळ? आणि इंग्रजी स्पेलिंग?

आमची मुलगी तीन आठवड्यांची आहे. मुलगा-मुलगी दोघांनाही चालेल असंच नाव ठेवायचं हे आधीपासून पक्कं होतं. किरण घरात आधीच आहे. सुमन, शशी आवडली, पण आजी-आजोबांच्या पिढीतली वाटली. आर्य की आर्या हे इंग्रजीत लिहिल्यावर कळतच नाही, म्हणून तेही सोडलं. आता 'प्रांजल'वर दोघांचं एकमत झालंय. अर्थ मनापासून आवडलाय: सरळ, निष्कपट. त्यामुळे दुसरं नाव सुचवू नका, प्लीज.

अडलंय ते लिहिण्यावर. मराठीत विशेषण म्हणून आपण 'प्रांजळ' म्हणतो, नाव मात्र बहुतेक ठिकाणी 'प्रांजल' दिसतं. मला ळ फार जवळचा वाटतो, पण अमराठी लोक तो उच्चारतील का? शिवाय इंग्रजीत ल आणि ळ दोन्हींना एल हे एकच अक्षर.

इंग्रजीत पी-आर-ए-एन-जे-ए-एल असं कागदावर लिहून तिघांना वाचायला दिलं. एकाने 'प्रंजल' वाचलं, एकीने 'प्राणजल', तिसऱ्याने बरोबर. पहिला ए दोनदा लिहिला तर 'प्रा' स्पष्ट होतो, पण मग प्रत्येक फॉर्म भरताना तिला 'डबल ए' सांगत बसावं लागेल.

जन्मदाखल्यावर नाव घालायचं आहे, नंतर बदलायची वेळ यायला नको. हे नाव असलेल्यांनी किंवा मुलांना दिलेल्यांनी कृपया सांगा: तुम्ही ल ठेवलात की ळ, आणि इंग्रजीत एक ए पुरतो का?