तयार प्रश्नावली असेल तर आधी सीएफए

ताई, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी ज्येष्ठांसाठी तुम्ही एकटेपणाची तयार इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणलीय आणि ईएफए (उत्तरांमधून त्यामागचे घटक शोधून काढणं) करू की सीएफए (आधी मांडलेली घटकांची रचना उत्तरांशी जुळते का ते तपासणं), असं विचारलंय. घटकांची रचना आधीच मांडलेली आहे, म्हणजे तपासायला गृहीतक हाताशी आहे. तेव्हा आधी सीएफएच करा. वाक्यं स्वतः नव्याने लिहिली असती, तर ईएफएपासून सुरुवात केली असती.

सीएफए जुळलं नाही तर मात्र मॉडिफिकेशन इंडेक्स (कुठला संबंध जोडला तर जुळणी किती सुधारेल ते सांगणारा आकडा) बघून आकृतीत एकेक बाण, म्हणजे नवा संबंध, जोडत सुटू नका, कळकळीने सांगतेय. आधी उलट्या वाक्यांकडे बघा. ‘मला एकटं वाटत नाही’ याला ‘असहमत’ म्हणताना बरेच आजी-आजोबा गोंधळतात. मग अशी वाक्यं मिळून एक वेगळाच घटक दिसू लागतो. तो एकटेपणाचा नसतो, वाक्यरचनेचा असतो. त्यानंतर हवं तर ईएफए करा, पण निघालेली रचना त्याच लोकांच्या उत्तरांवर पुन्हा सीएफएने ‘सिद्ध’ करू नका. नमुना मोठा असेल तर आधीच दोन भाग पाडून ठेवा, एक ईएफएसाठी, दुसरा सीएफएसाठी.

आणि एसपीएसएस या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप निवडलेलं असतं ते प्रिन्सिपल कंपोनंट्स, ते नुसतं माहिती थोडक्यात आणतं, ते ईएफए नव्हे. त्याऐवजी प्रिन्सिपल ॲक्सिस ही ईएफएची पद्धत घ्या, रोटेशन तिरकं ठेवा (म्हणजे घटकांचा एकमेकांशी संबंध असू शकतो असं धरा), घटक किती ते हॉर्न यांच्या १९६५ च्या पॅरलल ॲनालिसिसने, म्हणजे यादृच्छिक आकड्यांशी तुलना करून, ठरवा.