नूरजहाँच्या बंदुकीचं जिगसॉ मुलांना द्यावं का?

पाऊलवाट:
भाचीच्या दहाव्या वाढदिवसाला मी ५०० तुकड्यांचं जिगसॉ कोडं घेतलं. चित्र जहांगीर बादशाहाचा दरबारी चित्रकार अबुल हसनचं, साधारण १६२० चं. नूरजहाँ शिकारीच्या पोशाखात बंदूक भरत उभी आहे. मूळ चित्र रामपूरच्या रझा ग्रंथालयात आहे. यावरून घरात दोन तट पडले. शिकारीचं हत्यार पोरांना खेळ म्हणून देऊ नये, असं काकांचं म्हणणं.

मला ते पटत नाही. दरबारी चित्रांतली बाई बहुतेकदा गच्चीत बसलेली, हातात फूल नाहीतर पेला. इथे बेगमेच्या हातात बंदूक आहे आणि ती तिला चालवता येते. जहांगीरने आपल्या आठवणींत १६१७ ची नोंद केली आहे: अंबारीतून सहा बारांत तिने चार वाघ पाडले. वाघाचा वास आला की हत्ती स्थिर राहत नाही, म्हणून अंबारीतून नेम लागणं फार कठीण, हेही तोच सांगतो. नेमबाजीत त्याच्या खालोखाल असलेल्या मिर्झा रुस्तमचेही तीन-चार बार असे वाया गेले होते. खूश होऊन जहांगीरने तिच्यावरून १००० अश्रफ्या (सोन्याची नाणी) उधळल्या, लाखाच्या हिऱ्यांच्या पोहोच्या दिल्या. हे भाचीला का कळू नये?

रानवारा:
काका बरोबर आहेत. अश्रफ्या मोजल्यात, आता जनावरंही मोजा. त्याच आठवणींत जहांगीर पन्नाशीपर्यंतचा हिशेब देतो: स्वतः मारलेली १७,१६७. त्यात वाघ-सिंह ८६ आणि कबुतरं १०,३४८! तुमच्या चित्रात मेलेला वाघ कुठेच नाही. बाई देखणी, कपडे सुंदर, बंदूक नक्षीदार. मूल तासन्‌तास ते तुकडे हाताळणार आणि त्याच्या मनात हत्याराची फक्त शोभा उरणार. शिकारखान्यांच्या या हौसेचा शेवट आपल्याला माहीत आहे. १९५२ मध्ये भारतातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं.

जामगी:
हत्याराबद्दल बोलतो, कारण दोघांनीही ते बाजूलाच ठेवलं. ही तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने उडवायची बंदूक आहे. दारू आणि गोळी तोंडातून गजाने ठासायची, कानाशी, म्हणजे नळीच्या बारीक भोकाशी, रंजक (पेटवणीची दारू) घालायची, चाप ओढला की धुमसता तोडा रंजकेवर टेकतो आणि बार होतो. वारा, दमट हवा, हलणारा हत्ती, यातलं काहीही बार वाया घालवू शकतं. सहा बारांत चार वाघ म्हणजे काय, ते हे समजल्यावरच कळतं. जिगसॉची सुरुवातही शिकवण्यासाठीच झाली होती. १७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने लाकडावर नकाशे चिकटवून, कापून मुलांना भूगोल शिकवायला विकले. गजाचे तुकडे जुळवताना ‘हा दांडा कशाला?’ असं मुलीने विचारलं की अर्धं काम झालं.

रानवारा:
यंत्र समजलं म्हणजे वापर समजला असं नाही. जामगी, तुम्ही हौशी माणूस आहात, तुमचं सगळं लक्ष कारागिरीवर.

दाजीपूरकर:
रानवारा, चित्त्याचं दुःख मलाही आहे, पण शिकारीकडे एकाच बाजूने बघू नका. आमचं दाजीपूरचं रान कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं रान होतं, म्हणून कुऱ्हाडीपासून वाचलं. आज तिथे गवे आहेत.

रानवारा:
रान राजासाठी राखलं होतं, गव्यासाठी नाही. भरतपूरलाही पाणथळ राखली होती. तिथे १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगोच्या एका दिवसाच्या शिकारीत ४,२७३ पक्षी पडले. आकडा दगडावर कोरलाय, जाऊन वाचा. नंतर अभयारण्य झालं ते शिकार थांबली म्हणून.

पाऊलवाट:
भरतपूरच्या दगडापुढे मला उत्तर नाही. पण नूरजहाँला त्याच रांगेत बसवू नका. १६१९ मध्ये मथुरेजवळ एक वाघ लोकांना त्रास देत होता. जहांगीरने स्वतःच्या हाताने जीव न मारण्याचं व्रत घेतलं होतं, म्हणून त्याने तिला सांगितलं. एका गोळीत काम झालं. हौस आणि गरज एकाच बंदुकीत होत्या, आणि मुलीने दोन्ही पाहाव्यात असं मला मनापासून वाटतं. खोक्यावर मात्र ‘शूर राणी’ एवढंच छापलंय, ते मलाही खटकतं. चित्र जुळलं की पुठ्ठ्यामागे कागद चिकटवणार आहे: चित्रकार, साल, सहा बार, चार वाघ आणि तो १७,१६७ चा आकडा.

रानवारा:
कागद लावणार असाल तर माझा विरोध बराच कमी झाला. त्यावर मनसराजही लिहा. जहांगीरचा पाळीव हरीण. तो मेल्यावर बादशाहाने (आता पाकिस्तानात असलेल्या) शेखूपुऱ्याच्या आपल्या शिकारीच्या रानातच त्याची कबर बांधली आणि तिथली हरणं कोणी मारू नयेत असं दगडावर कोरून घेतलं. शेजारी हिरन मिनार अजून उभा आहे.

पाऊलवाट:
लिहिते. रविवारी कडा जुळवायला बसतोय, काकाही येणार आहेत.