मदत हवी आहे : सोसायटीचं तळं हिरवं पडलंय, वास मारतोय

तुरटी_७
नमस्कार मंडळी. पुण्यात राहतो. बिल्डरने मागच्या बाजूला पावसाच्या पाण्यासाठी तळं बांधून दिलंय. रस्त्यांचं, पार्किंगचं पाणी त्यात जाऊन 'आपोआप शुद्ध' होणार म्हणाला होता. आता पाणी हिरवंगार, कडेला तेलाचा तवंग, संध्याकाळी बाल्कनीत बसवत नाही. रविवारी कमिटीची मीटिंग आहे. त्यात नक्की काय टाकायचं? जाणकारांनी लवकर सांगावं.

स्थापत्यवाला
टाकायचं ते नंतर बघू. खोली किती? पाणी आत कुठून येतं, बाहेर कुठून जातं? गाळ शेवटचा कधी काढला?

गोडंबी
ईएमचे, म्हणजे उपयोगी सूक्ष्मजीव मातीत कालवून केलेले गोळे टाका. आमच्या कारंज्याचा वास पंधरा दिवसांत गेला. डोळे झाकून टाका.

खडूस_काका
कारंजं आणि तळं एकच का हो? गोळ्यांनी गाळ जात नाही.

तुरटी_७
खोली पुरुषभर असेल. दोन्ही पाइप गेटजवळच्या कोपऱ्यात आहेत. गाळ काढायचा असतो?? कोणी सांगितलंच नाही.

स्थापत्यवाला
काढायचाच असतो. तळं पाण्याला थोपवून धरतं, बाकीचं काम मुख्यतः गुरुत्वाकर्षण करतं. वाळू मिनिटा-दोन मिनिटांत तळाशी जाते. १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण शांत पाण्यात एक मीटर खाली जायला अडीच-तीन तास घेतो, १ मायक्रॉनचा दहा-बारा दिवस. टायरमधलं जस्त, ब्रेकमधलं तांबं आणि फॉस्फरस बरेचसे अशा बारीक कणांनाच चिकटून येतात. म्हणजे पाणी किती वेळ थांबतं यावर सगळं. तुमचे दोन्ही पाइप एका कोपऱ्यात, त्यामुळे पाणी आल्या पावली बाहेर! मध्ये जाळीतल्या दगडांचा बांध घालून त्याला वळसा घ्यायला लावा. वाट रुंदीच्या तिप्पट तरी लांब हवी. आणि तोंडाशी छोटं गाळकुंड करा, म्हणजे दरवर्षी तेवढंच उपसावं लागेल.

हिरवा रंग कशाचा, तर साठलेल्या गाळातला प्राणवायू संपला की लोहाला धरून बसलेला फॉस्फरस सुटतो आणि शेवाळाला खत मिळतं. वासही तिथलाच.

पाणकोंबडी
जलपर्णी सोडा, सगळं शोषून घेते.

खडूस_काका
आधी पाषाण तलाव बघून या, मग सल्ला द्या. शोषते खरी, पण काढली नाही तर तिथेच कुजते आणि शोषलेलं परत पाण्यात. कडेने कर्दळ, पाणकणीस लावा आणि वेळच्या वेळी कापत राहा.

मिरगाचा_पाऊस
एवढं करण्यापेक्षा सगळं पाणी बोअरमध्ये सोडा. आमच्याकडे बोअरला बारमाही पाणी आहे.

स्थापत्यवाला
पार्किंगचं तेलकट पाणी थेट बोअरमध्ये? भूजल नासवून ठेवाल. गच्चीचं सोडा, तेही पहिल्या सरी वाहून गेल्यावर, गाळून.

लिंबूटिंबू
गप्पी मासे सोडलेत का? डेंगी होईल.

खडूस_काका
डेंगीचा डास बहुतेक करून कुंडीखालच्या ताटलीत, पिंपात वाढतो. गटारासारख्या पाण्यातला क्युलेक्स वेगळा. पण गप्पी सोडाच, त्यात नुकसान नाही. फक्त गावच्या ओढ्यात जाऊ देऊ नका.

रानवारा
थांबा जरा. मे महिना चालू आहे. पावसाचं तळं आज पुरुषभर भरलेलं कसं?

तुरटी_७
एसटीपीचं, म्हणजे सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण प्लांटचं जादा पाणी सोडतात ना त्यात. ते स्वच्छ असतं, बागेलाही तेच वापरतो. त्याचा काय संबंध?

रानवारा
अरे देवा. हे पहिल्या ओळीत हवं होतं! पाणी दिसायला नितळ असलं तरी त्यात विरघळलेले नायट्रेट, फॉस्फेट असतात आणि विरघळलेलं काही तळाशी बसत नाही. वर वीजबचतीसाठी प्लांटच्या टाकीत हवा सोडणारे ब्लोअर रात्री बंद ठेवत असतील तर काय येतं ते विचारू नका. ऑपरेटरचं लॉगबुक आणि बीओडीचे (पाण्यात सेंद्रिय घाण किती उरली ते सांगणारे) रिपोर्ट मागा. तो नळ बंद केल्याशिवाय बांध-बिंध घालून फार उपयोग नाही.

स्थापत्यवाला
+१. माझा बांध दुसऱ्या नंबरवर.

तुरटी_७
एसटीपीचा विषय काढला की सेक्रेटरी भडकतात. असो, मांडतो. काढलेला गाळ बागेत घातला तर चालेल ना?

स्थापत्यवाला
आधी जस्त, शिसं आणि तेलासाठी तपासून घ्या. तोवर भाजीच्या वाफ्यात अजिबात नको.

गोडंबी
गोळे हवे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. घरी बनवतो.