ऑनलाइन स्वाध्यायांसाठी प्लॅटफॉर्म निवडताना नेमके काय पाहावे?

गणितमास्तर:
मी माध्यमिक वर्गांना गणित शिकवतो आणि प्रत्यक्ष तासाला जोड म्हणून ऑनलाइन स्वाध्याय देतो. आधीच्या प्लॅटफॉर्मचा अनुभव कडू आहे. दोन वर्षे रात्री जागून मी तिथे सुमारे सहाशे प्रश्न भरले, आणि सेवा बंद होणार असल्याची सूचना आल्यावर लक्षात आले की ते बाहेर काढण्याची एकच सोय आहे, ती म्हणजे पीडीएफ. त्या पीडीएफमध्ये आकृत्या नीट आल्या, मात्र कोणता पर्याय बरोबर याची खूणच नव्हती. आता नवा प्लॅटफॉर्म शोधताना थेट वर्ग, व्हिडिओ, पदके, क्रमवारी अशा सोयींच्या याद्या वाचून मी गोंधळलो आहे. मोबाइलवर चालावे, इंटरनेट मंद असले तरी अडू नये आणि विद्यार्थी नेमका कुठे चुकतो ते कळावे, एवढीच माझी अपेक्षा आहे. आपण निवड कशी केलीत?

खडूफळा:
सर, आपले सहाशे प्रश्न गेल्याचे वाचून हळहळ वाटली. आत शिरण्याआधी बाहेर पडण्याची वाट पाहून ठेवावी, हे मीही ठेच लागल्यावरच शिकलो. कोणत्याही प्लॅटफॉर्मवर प्रथम पाचच प्रश्न भरावेत, ते निर्यात करावेत आणि दुसऱ्या ठिकाणी उघडून पाहावेत. आपल्या कामासाठी मी मूडल हे ऑनलाइन शिकवण्याचे सॉफ्टवेअर सुचवेन. २००२ पासून ते मुक्तस्रोत (म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या) स्वरूपात उपलब्ध आहे, त्याचे मोबाइल अॅप काही भाग इंटरनेटशिवायही वापरू देते, आणि त्यातील प्रश्नपेढी ‘गिफ्ट’ नावाच्या मांडणीत साध्या मजकुराची फाइल म्हणून बाहेर काढता येते. त्या फाइलमध्ये बरोबर उत्तरापुढे =, चुकीच्या पर्यायापुढे ~ आणि त्या पर्यायावरचा शेरा # या चिन्हानंतर असतो, त्यामुळे उद्या मूडल सोडले तरी ती कोणत्याही टेक्स्ट एडिटरमध्ये वाचता येईल. आकृत्या असलेल्या प्रश्नांसाठी मात्र निर्यात करताना एक्सएमएल ही दुसरी मांडणी निवडावी.

एक इशारा देतो. सॉफ्टवेअर फुकट असले तरी सर्व्हर सांभाळणे, आवृत्ती अद्ययावत ठेवणे आणि बॅकअप घेणे हे काम कुणाला तरी करावेच लागते. ते करणारा माणूस हाताशी नसेल तर या वाटेला जाऊ नये.

पाटीपेन्सिल:
खडूफळा यांचा मुद्दा रास्त आहे, पण माझ्या मते तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. विद्यार्थ्याने चुकीचे उत्तर दिल्यावर पुढच्या क्षणी पडद्यावर काय दिसते, हे मी आधी पाहते. १/३ + १/४ याचे उत्तर एखाद्याने २/७ दिले, तर त्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला आहे हे शिक्षकाला लगेच कळते. बहुतेक ठिकाणी मात्र लाल फुली आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढेच येते, आणि मूल उरलेल्या पर्यायांपैकी एकावर बोट ठेवून मोकळे होते. प्रत्येक चुकीच्या पर्यायाला स्वतंत्र शेरा लिहिता येतो का आणि शेरा वाचून त्याच प्रश्नाला पुन्हा उत्तर देता येते का, हे तपासावे. मूडलमध्ये या दोन्ही सोयी आहेत. बीजगणितासाठी त्याला ‘स्टॅक’ हा प्रश्नप्रकारही जोडता येतो. २(क्ष + १) आणि २क्ष + २ ही दोन्ही उत्तरे समान आहेत हे त्याला समजते, त्यामुळे पर्याय देण्याची गरजच उरत नाही.

स्वाध्यायांवर इतका भर देण्याचे कारण सांगते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते, परंतु आठवड्यानंतर, पुन्हा वाचण्याऐवजी आठवून लिहिण्याची चाचणी दिलेल्यांच्या तो उतारा अधिक लक्षात राहिला होता. म्हणून क्रमवारी आणि पदके नसली तरी माझे काही अडत नाही.

रविवारचा_तास:
व्हिडिओंविषयी थोडेसे. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या प्लॅटफॉर्मवरील व्हिडिओंच्या सुमारे ६९ लाख पाहण्यांच्या नोंदींवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की सहा मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओंवर पाहणाऱ्यांचे लक्ष कमी टिकते. पूर्ण तासाचे चित्रण अपलोड करण्याची सोय आहे म्हणून ते करावेच असे नाही. दुसरे म्हणजे ‘१०० टक्के पूर्ण’ या हिरव्या पट्टीवर विसंबू नये. माझ्या वर्गातील एक मुलगा आवाज बंद करून दुप्पट वेगाने व्हिडिओ चालू ठेवत असे आणि फोन उशाला ठेवून झोपत असे. त्याची पट्टी सर्वांत आधी भरायची.

गणितमास्तर:
सर्वांचे आभार. एका परिचितांनी त्यांच्या सर्व्हरवर मूडल वापरून पाहण्याची मुभा दिली, म्हणून अपूर्णांकांवरचे वीस प्रश्न मजकूर फाइलमध्ये लिहून तिथे चढवले आणि खडूफळा यांनी सांगितल्याप्रमाणे पुन्हा बाहेर काढले. उत्तरे आणि शेरे शाबूत आले. वेळ गेला तो दुसरीकडेच. पाटीपेन्सिल मॅडमचे ऐकून प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे शेरा लिहायला बसलो, तेव्हा अकरा पर्याय असे निघाले की विद्यार्थी कोणती चूक करून तिथे पोहोचेल हे मलाच सांगता येईना. ते केवळ जागा भरण्यासाठी टाकलेले आकडे होते. ते काढून टाकले आहेत, आणि काही प्रश्नांना आता दोनच पर्याय उरले आहेत.