सरकलेल्या कृत्रिम भिंगाबाबत
मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी दृष्टी अंधुक झाली की लेझरने भागते, असे म्हटले जाते; पण कृत्रिम भिंग डोळ्यातील ज्या नैसर्गिक पिशवीत बसवतात, तिचा भिंगामागचा पडदा गढूळ झाला असेल तरच ते खरे आहे. पिशवीला धरून ठेवणारे तंतू कमकुवत होऊन पिशवीसकट भिंगच सरकले असेल, तर ते जागेवर शिवावे लागते किंवा काढून दुसरे बसवावे लागते. यासाठी पूर्वी सर्रास वापरला जाणारा १०-० (धाग्याच्या जाडीचे माप) पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकचा बारीक टाका काही वर्षांनी झिजून तुटू शकतो. म्हणून अनेक शल्यविशारद आता जाड धागा घेतात, किंवा जपानच्या शिन यामाने यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने भिंगाचे दोन्ही पाय (कडेचे बारीक आधार) टाक्याविना श्वेतपटलात (डोळ्याच्या पांढऱ्या बाह्य आवरणात) अडकवतात. भिंग मागे डोळ्यातील जेलीसारख्या द्रवात पडले असेल, तर दृष्टिपटलाच्या (रेटिनाच्या) शल्यविशारदाचा सल्ला आधीच घ्यावा, असा माझा आग्रह आहे.