धोमच्या पाण्यात निळं शीड : ज्याचं त्यानं खरं लिहावं

आमचा ग्रुप पळणाऱ्यांचा. पहाटे साताऱ्यातून यवतेश्वर घाट चढायचा, उतरून चहा प्यायचा, संपलं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी घाट सोडून आम्ही अकरा जण धोम धरणाच्या जलाशयावर शिडाची होडी शिकायला गेलो. शिकवणारे काका नौदलातून निवृत्त. दोन होड्या त्यांनीच ट्रेलरवरून आणल्या, परवानगीचं आधीच पाहिलं, आणि लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघितल्याशिवाय कुणाला पाण्याकडे फिरकू दिलं नाही.

तेव्हापासून ग्रुपवर रोज नवीन थापा चालल्यात. कोण किती वेळा पडलं यावर तर हमरीतुमरी. म्हणून हा धागा. बाहेरच्यांनीही कोयनेत, कृष्णेत, समुद्रात काही उद्योग केले असतील तर येऊ द्या.

माझं आधी सांगतो. आठला पोचलो तर वारा ठार पडलेला. पाण्यात डोंगर उलटे दिसत होते. अकरापर्यंत नुसत्या गाठी मारल्या, भाकरी-खरडा संपवला. 'शीट' म्हणजे शीड नव्हे, शीड आत-बाहेर करायची दोरी, हेही तेव्हाच कळलं. मग लांबवर पाण्याला काळपट सुरकुत्या पडल्या आणि त्या आमच्याकडे सरकत आल्या. काका म्हणाले, "तो बघा, वारा चालत येतोय." इतकी वर्षं घाटात वाऱ्याला शिव्या देत पळालो, पण तो येताना दिसतो हे माहीत नव्हतं.

---

ऊसवाला

लई लिहीत नाही. सुकाणूची दांडी डावीकडं ढकलली की होडीचं तोंड उजवीकडं जातंय. बाकीचे त्यातच गोंधळले. मला काय वाटलं नाही. कारखान्यावर उसाची ट्रॉली मागं घेताना स्टेअरिंग असंच उलटं मारावं लागतंय. काकांनी विचारलं, आधी कुठं शिकलास? म्हटलं, ट्रॅक्टरवर.

पडलो नाही. हे खरं आहे, कुणालाही विचारा.

---

पवनचक्कीवाला

मी चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीत आहे, म्हणजे वारा हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे खरडा खाता खाता मी सगळ्यांना व्याख्यान दिलं. वारा मागून असेल तर तो शीड ढकलतो, पण आडवा असला की खेळ वेगळा. शिडाच्या फुगीर बाजूवरून वारा जास्त वेगानं जातो, तिथला दाब कमी होतो आणि होडी ओढली जाते. पवनचक्कीचं पातं फिरतं तेही असंच. होडी आडवी घसरत जाऊ नये म्हणून बुडातून पाण्यात एक उभी फळी सोडलेली असते, सेंटरबोर्ड.

व्याख्यान उत्तम झालं. मग होडीत बसलो आणि सवयीनं नाक थेट वाऱ्यात घातलं. आमची चक्की तोंड वाऱ्याकडे वळवते हो! इथे दोन्ही शिडं फडफडायला लागली, होडी जागेवर थांबली आणि हळूहळू मागे जायला लागली. काका किनाऱ्यावरून ओरडले, "बेड्या पडल्या तुला!" वाऱ्याच्या दिशेला जायचं तर साधारण 45 अंश सोडून तिरकं जायचं, मग वळून दुसऱ्या अंगाला तिरकं. घाट रोज चढणाऱ्या माणसाला वळणं का घ्यावी लागतात हे समजायला वीस मिनिटं लागली. शेवटी पुढचं छोटं शीड हातानं उलट्या बाजूला ताणून धरलं, तेव्हा कुठे नाक फिरलं.

---

बँकेतली काकू

वय 52. पोहायला येतं, पण विहिरीतलं. मी आणि कॉलेजातली एक मुलगी एका होडीत होतो.

जोराची झुळूक आली की दोरी सोडायची, शीड मोकळं होतं, होडी सरळ होते. काकांनी दहा वेळा सांगितलं होतं. पण घाबरलं की माणूस हातात असेल ते घट्ट धरतो. मी तेच केलं. होडी एका अंगावर उठली, मला आमचं निळं शीड पाण्याला टेकताना दिसलं आणि पुढचं आठवतं ते नाकात गेलेलं थंडगार पाणी.

वर आले तर जॅकेटनं अलगद धरून ठेवलेलं. पहिला नियम, होडी सोडायची नाही. दुसरा, दोरी मोकळी करायची, नाहीतर उभी राहिलेली होडी लगेच परत कलंडते. मी वळसा घालून बुडाच्या बाजूला गेले, पाण्यातून बाहेर आलेल्या फळीवर चढले, काठ धरला आणि मागे रेलले. काहीच होईना. शिडात पाणी भरलेलं असतं ना. मग ते निथळायला लागलं, डोलकाठी इंचभर उचलली, आणि एकदम फटकन होडी उभी. मी परत पाण्यात!

एक चप्पल धोमला दिली. घरी अजून सांगितलेलं नाही.

---

कॉलेजातली ती मुलगी

काकू काहीही सांगतात. दोरी माझ्या हातात होती. आणि माझ्या कपाळावरचं टेंगूळ त्या बूमचं, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांडीचं आहे, वळताना वाकायचं विसरले. सेल्फी नाही, काही नाही. मोबाईल किनाऱ्यावर तांदळाच्या डब्यात होता, आधीच भिजलेला.

---

सांगलीकर

आमच्याकडं कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात, पण वल्ह्यांच्या. वारा येईस्तोवर भाकरी खात बसायचं हे सातारकरांनाच जमतं.

---

काका

ग्रुपातल्या एकानं धागा वाचून दाखवला. "एवढ्याशा होडीत शिकून पुढे काय?" असं त्या दिवशी कुणीतरी विचारलं होतं. दिलीप दोंदे 2009 च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून शिडाच्या बोटीत एकटे निघाले आणि जगाला वळसा घालून 2010 च्या मेमध्ये परत आले. त्यांची 'म्हादेई' 56 फुटांची, आपली होडी, एंटरप्राइज जातीची, तेरा. वारा दोघींना सारखाच.

आता हिशेब. त्या दिवशी होडी एकूण सात वेळा उलटली. त्यातली एकदा किनाऱ्याला बांधलेली असताना, आणि तेव्हा आत ऊसवाले एकटेच बसले होते.