प्रति: कुर्दी गालिचे जाडेभरडे का?

या प्रश्नावरच्या आधीच्या एका उत्तरात म्हटलंय की कुर्दी टोळ्यांच्या विणकरणींना बारीक काम जमत नसे, म्हणून नक्षी ठसठशीत आणि गाठी मोठ्या. गाठी मोठ्या असतात हे मान्य, पण कौशल्य कमी हे अजिबात पटत नाही. इराक-इराण सीमेवरच्या जाफ या कुर्दी टोळीच्या, गालिच्यासारख्याच गाठी मारून विणलेल्या पिशव्यांचे दर्शनी भाग बघा. त्यावर आकडेदार कडांचे, शंकरपाळ्यासारखे तिरके चौकोन ओळीने असतात.

नेहमीच्या विणीत प्रत्येक ओळीतली गाठ त्याच दोन उभ्या धाग्यांवर बसते, त्यामुळे तिरकी रेघ पायऱ्यापायऱ्यांची दिसते. जाफ बायका गाठ एका धाग्याने सरकवत: एका जोडीतला एक धागा, शेजारच्या जोडीतला दुसरा. विटांच्या भिंतीत सांधे अर्ध्या विटेने सरकतात, अगदी तसं. मग जाड लोकरीतही उतरती कड सलग येते. पिशवी उलटी करून पाठ पाहिली की हे सरकणं स्पष्ट दिसतं. नक्षीत कुठे सरकायचं आणि कुठे पुन्हा मूळ जोडीवर यायचं, हे हिशेब हातात मुरलेले असावे लागतात. आणि एवढं काम रोज वापरायच्या, जनावराच्या पाठीवर लादायच्या पिशवीवर! गाठींची संख्या मोजून या विणीची प्रत ठरवणं मला तरी अन्यायाचं वाटतं.